गाई परतल्या, पण कच दिसत नाही



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व, कच-देवयानीचं आख्यान. जोडीला श्रीमद्भागवत, तिसरा स्कंध, अध्याय ३१.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी कोपरगावला माहेरी आली आहे. आठवा महिना चालू आहे. त्यामुळे सध्या घरात पोथीही तिच्या वेळेनं वाचली जाते आणि स्वयंपाकही तिच्या आवडीनं होतो. संध्याकाळी दिवा लागला की ती माझ्याशेजारी येऊन बसते, पोटावर हात ठेवते आणि मी वाचते. मध्येच म्हणते, "आई, बघ, फिरलं!" मग पोथी तशीच मांडीवर राहते आणि माझा हात तिच्या पोटावर जातो.

अशाच एका संध्याकाळी कच-देवयानीची कथा वाचायला घेतली. ही कथा मी कितीतरी वेळा वाचली आहे, कीर्तनातही ऐकली आहे. पण त्या दिवशी तिच्यातलं एक वाक्य मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

कथा आपल्याच गावची

कोपरगावकरांना ही कथा परकी नाही. आपल्या बेटात गोदामाईच्या काठी शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कचेश्वरही तिथंच आहे. शुक्राचार्यांचा आश्रम इथं होता, संजीवनी विद्या इथंच शिकवली गेली, अशी आपली परंपरा सांगते. म्हणून तर आपल्या तालुक्यात साखर कारखान्यापासून कॉलेजपर्यंत 'संजीवनी' हे नाव भेटतं.

कथा थोडक्यात अशी. देव आणि असुर यांची लढाई चालू होती. मेलेल्या असुरांना शुक्राचार्य संजीवनीने उठवत. देवांकडे ती विद्या नव्हती. म्हणून बृहस्पतींचा मुलगा कच शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून राहिला. गुरूंची सेवा करायची, गाई राखायच्या आणि गुरुकन्या देवयानीचं मन राखायचं, असा त्याचा दिनक्रम. हा कशासाठी आला आहे ते असुरांनी ओळखलं. त्यांनी त्याला रानात एकटा गाठून मारलं आणि लांडग्यांना घातलं.

संध्याकाळ झाली. गाई आपल्या आपण घरी आल्या, पण त्यांच्यामागे गुराखी नव्हता. देवयानीनं ते पाहिलं आणि थेट वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. सूर्य मावळला, अग्निहोत्राची वेळ झाली, गाई राखणाऱ्याशिवाय परतल्या आणि कच दिसत नाही, असं तिनं सांगितलं. नक्कीच काहीतरी घडलं आहे, म्हणाली. शुक्राचार्यांनी विद्या वापरली आणि कच जिवंत झाला.

दुसऱ्यांदा असुरांनी त्याला मारून, वाटून समुद्रात कालवलं. तिसऱ्यांदा जाळलं, ती राख मद्यात मिसळली आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांनाच पाजलं. देवयानीनं पुन्हा विचारलं, कच कुठं आहे? या वेळी वडील थकले होते. ते तिची समजूत घालू लागले. मी त्याला पुन्हा पुन्हा उठवतो आणि ते पुन्हा मारतात, आता काय करणार, तू शोक करू नकोस, असं त्यांचं म्हणणं. पण देवयानी हटली नाही. शेवटी शुक्राचार्यांनी कचाला हाक मारली. तेव्हा त्यांच्याच पोटातून उत्तर आलं. आणि तेही कसं, तर हळूच, दबक्या आवाजात. व्यासांनी तसं मुद्दाम नोंदवलं आहे.

आता पेच पडला. कच बाहेर आला तर गुरूंचं पोट फाटणार. कचाला वाचवावं तर गुरू जातात, गुरूंना वाचवावं तर कच जातो. देवयानीला दोघंही हवे होते. मग शुक्राचार्यांनी पोटातल्या कचालाच संजीवनी शिकवली. कच गुरूंची कूस फोडून बाहेर आला आणि लगेच त्याच विद्येनं त्यानं गुरूंना उठवलं. ज्याच्या पोटातून आपण आलो तो आपला जन्मदाताच, हे नातं कचानं पुढं शेवटपर्यंत पाळलं. देवयानीनं लग्नाची गोष्ट काढली तेव्हा, आपण दोघं एकाच पोटात राहिलो, आपण बहीण-भाऊ, असं त्यानं सांगितलं.

आज काय शिकायचं?

लेकीच्या पोटावर हात ठेवून ही कथा वाचताना माझ्या ध्यानात तीन गोष्टी आल्या.

पहिली: देवयानीला कचाचा रोजचा नेम ठाऊक होता. तो कधी निघतो, कधी परततो, गाईंच्या पुढं चालतो की मागं, हे तिला माहीत होतं. म्हणून नेम मोडला ते तिला त्याच संध्याकाळी कळलं. ज्याला नेमच ठाऊक नाही, त्याला मोडलेला नेम कसा दिसणार?

दुसरी: पोटातला आवाज हळू असतो. तो ओरडून सांगत नाही. ऐकणाऱ्यानं थांबावं लागतं.

तिसरी: घरातलं मोठं, शहाणं, प्रेमळ माणूस 'असू दे' म्हणालं, तरी देवयानी गप्प बसली नाही. वडिलांचा मान तिनं राखला, पण आपली शंका गिळली नाही. शुक्राचार्यांसारखा ज्ञानीही त्या क्षणी चुकला होता. कच त्यांच्याच पोटात होता आणि त्यांनाच ते ठाऊक नव्हतं!

शास्त्रं काय सांगतात

गर्भाच्या हालचालीबद्दल आपल्या पूर्वजांनी बारकाईनं विचार केला आहे. भागवतात कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, जीव गर्भात कसा वाढतो ते महिन्यामहिन्यानं सांगतात. पाचव्या महिन्यात त्याला भूक-तहान लागते, सहाव्यात तो वेष्टनात गुंडाळलेला आईच्या कुशीत फिरू लागतो, सातव्यापासून त्याला जाण येते, असा क्रम तिथं आहे. मुलगा आईला गर्भाची गोष्ट सांगतो, ही त्या अध्यायाची गोडी.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात याहून जिव्हाळ्याचं सांगितलं आहे. गर्भाची इंद्रियं आकाराला येतात, त्याच्या मनाला सुखदुःख कळू लागतं, आणि तेव्हापासून तो स्पंदन पावू लागतो, काहीबाही मागू लागतो. त्या वेळी आईजवळ दोन हृदयं असतात, एक तिचं आणि एक बाळाचं. म्हणून ती 'दौहृदिनी'. आपला 'डोहाळे' हा शब्द याच दौहृदातून आला. डोहाळजेवणाला आपण झोका बांधतो, फुलांची वाडी भरतो, पेढा की बर्फी विचारतो. पण त्या शब्दाच्या पोटात मोठा अर्थ आहे: या बाईचं ऐका, कारण तिच्या तोंडून दोघं बोलत आहेत.

ग्रंथांतले महिने आणि आजचे आठवडे यांची वजाबाकी करत बसू नये. आज सोनोग्राफीत आठव्या-नवव्या आठवड्यातच बाळ हलताना दिसतं, पण आईला ते कळत नाही, कारण ते फार लहान असतं. पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत पहिली चाहूल लागते. दुसऱ्या खेपेला १६व्या आठवड्याच्या आसपासही कळतं, कारण ओळख झालेली असते. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर थोडं उशिरा कळतं. कुणी म्हणतं फुलपाखरू फडफडल्यासारखं, कुणी म्हणतं बुडबुडे फुटल्यासारखं. माझ्या सासूबाई म्हणत, "पाण्यात मासोळी फिरावी तसं." २४ आठवडे झाले आणि तरी काहीच कळलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

पुढं हालचाल वाढत जाते. साधारण ३२ आठवड्यांपर्यंत वाढते आणि मग एका पातळीवर टिकते. टिकते, कमी होत नाही. हे वाक्य जरा दोनदा वाचा. हालचालीची तऱ्हा बदलेल, लाथांऐवजी वळणं, सरकणं, कूस बदलणं जास्त जाणवेल. पण शेवटच्या महिन्यात 'जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होतं' हा समज चुकीचा आहे. बाळ कळा सुरू होईपर्यंत, अगदी कळांमध्येही हलत असतं. बाळ झोपतंही, पण त्याची झोप वीस-चाळीस मिनिटांची, क्वचित दीड तासाची. दिवसभराची नव्हे.

माझी गोष्ट

आता जे सांगते ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

या लेकीच्या आधी मला एक बाळ राहिलं होतं. नववा महिना लागला होता. एका दुपारपासून पोट शांत वाटायला लागलं. मी घरात सांगितलं. सगळ्यांनी प्रेमानंच सांगितलं, "आता दिवस भरत आले, जागा राहिली नाही, ते थकलंय. गोड खा आणि पड. सकाळी बघू." मी गोड खाल्लं आणि पडले. रात्रभर पोटावर हात ठेवून जागी होते. मनात येत होतं की उठावं आणि म्हणावं, आत्ता चला. पण रात्रीच्या वेळी सगळ्यांना कशाला उठवायचं, उगाच भित्री म्हणतील, असं वाटलं. सकाळी गेलो तेव्हा ठोके लागले नाहीत.

रात्रीच गेले असते तर बाळ वाचलं असतं का, ते देवालाच ठाऊक. कुणीही ते खात्रीनं सांगू शकत नाही. घरच्यांवर माझा राग नाही. त्यांनाही कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. पण ती रात्र मी तीस वर्षं उराशी घेऊन चालते आहे.

आणि मागच्या आठवड्यात, रात्री साडेनऊला लेक म्हणाली, "आई, आज हे फार शांत आहे गं. रोज जेवणानंतर नुसता धिंगाणा असतो. आज एक-दोनदाच हललं."

वाचकहो, खरं सांगते, माझ्या तोंडावर काय आलं? "अगं, झोपलं असेल. गोड खा आणि पड." तीस वर्षांपूर्वीचंच वाक्य, शब्दाला शब्द. इतकं ते आपल्या जिभेवर बसलेलं असतं. पण समोर पोथी होती, आणि त्याच संध्याकाळी वाचलेलं आठवलं. गाई परतल्या, पण कच दिसत नाही. मी उठले, ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, "गाडी काढा."

दवाखान्यात पोटाला पट्टा लावून बाळाच्या ठोक्यांची नोंद घेतली. तो टपटप आवाज खोलीत घुमला आणि मला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. अर्ध्या तासात बाळानं दोन-चार सणसणीत लाथा मारल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पाणी बघितलं. सगळं ठीक. घरी यायला दीड वाजला. लेक ओशाळून म्हणाली, "उगाच सगळ्यांची झोपमोड." डॉक्टर त्याआधीच म्हणाले होते, "उगाच नाही. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या. दहादा वाटलं तर दहादा या."

देवयानीही तीनदा गेली होती, नाही का?

घरात हे करू या

१. २८ आठवड्यांनंतर रोज एक वेळ ठरवावी. संध्याकाळच्या दिव्यानंतर किंवा जेवणानंतर. डाव्या कुशीवर शांत पडावं, मोबाईल बाजूला ठेवावा, पोटावर हात ठेवावा. बहुतेक वेळा दोन तासांच्या आत दहा हालचाली कळतात. पुष्कळदा अर्ध्या तासातच. जपाची माळ ओढतो तसं हे मोजणं.

२. आकड्यापेक्षा नेम महत्त्वाचा. आपलं बाळ कधी जागं असतं, कधी फिरतं, हे आईला ठाऊक होतं. दहा पूर्ण झाले तरी 'आज रोजच्यासारखं नाही' असं वाटलं, तर ते वाटणं खरं धरावं.

३. हालचाल कमी झाली, थांबली, नेहमीपेक्षा वेगळी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी दवाखान्यात जायचं. गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीला १०८ हे नंबर घरात सगळ्यांना पाठ हवेत. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथं खास तपासणीही असते. गावातल्या आशाताईंना विचारा.

४. घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून त्यावर विसंबू नये. ठोके ऐकू येणं आणि बाळ सुखरूप असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. दिवसभर कामात असलेल्या बाईला हालचाल कमी जाणवते. आपल्याकडे हंगामात उसाच्या फडात भरल्या दिवसांच्या बाया कोयता चालवतात, मोळ्या उचलतात. तिला आपल्या पोटाकडे लक्ष द्यायला अर्धा तास तरी कुणी देतं का? आपल्या शेतात, आपल्या घरात कामाला येणारी अशी कुणी असेल, तर तिला बसवा, पाणी द्या आणि विचारा, "बाळ फिरतंय ना गं?" ही माझ्या मते मोठी पूजा आहे.

एक जुनी गोष्ट आठवते. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन जपलं आणि १८ एप्रिल १७७४ला सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्या काळात सगळ्या मराठी राज्याचा जीव एका पोटात होता. त्या बाळाच्या विरोधात उभे राहिलेले राघोबादादा अखेरच्या दिवसांत आपल्या कोपरगावातच राहिले आणि १७८३ साली इथंच गेले. पेशव्यांच्या पोटाला पुरंदरचा किल्ला मिळाला. पण देवाच्या दारी फडातल्या बाईचं पोट काय कमी मोलाचं आहे? तिलाही कुणीतरी किल्ला व्हायला हवं.

ज्यांची कूस रिकामी झाली त्यांच्यासाठी

हे वाचताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तर तिच्यासाठी दोन शब्द. सगळं वेळेवर करूनही कधी कधी बाळ जातं. त्यात आईचं पाप नसतं, पूर्वजन्मीचा हिशोब नसतो, ग्रहणात बाहेर पडल्याचा दोष नसतो. कुणी तसं म्हणालं तर मनावर घेऊ नका. उत्तरेच्या गर्भावर ब्रह्मास्त्र आलं तेव्हा ती धावत श्रीकृष्णाकडे गेली. माझं काहीही होवो, पण पोटातलं बाळ पडू नये, एवढंच तिनं मागितलं. तिचं बाळ वाचलं. माझं नाही वाचलं. पण धावा ऐकणारा तोच आहे, आणि रिकाम्या कुशीचा धावाही तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे. ते ऐकणं मला लगेच कळलं नाही, वर्षं लागली.

मनन करायला

- आपल्या घरातल्या माणसांचे रोजचे नेम मला ठाऊक आहेत का? कुणाचा नेम मोडला तर मला त्याच संध्याकाळी कळेल का?
- 'असू दे, सकाळी बघू' हे मी कुणाला, कधी म्हटलं?
- माझ्या मनातला कोणता हळू आवाज मी लोक काय म्हणतील म्हणून दाबला आहे?

प्रार्थना

हे पांडुरंगा, तू आईच्या मायेनं सगळ्यांना पोटात सांभाळतोस. ज्या ज्या कुशीत आज जीव फिरतो आहे, त्या सगळ्यांना सुखरूप बाहेर आण. आईला ऐकण्याचं भान दे, घरच्यांना तिचं ऐकण्याची बुद्धी दे आणि रात्री-बेरात्री दार उघडणाऱ्या डॉक्टर-नर्सताईंना बळ दे. ज्यांचं बाळ तुझ्याकडे आलं आहे, त्यांच्या उशाशी तू बस.

आजचा नेम

ओळखीतल्या एका गरोदर लेकी-सुनेला आज फोन करा. खाणं-पिणं विचारून झालं की हेही विचारा: बाळ रोजच्यासारखं फिरतंय ना? आणि ती 'नाही' म्हणाली, तर गाडी काढा.

आत्ता हे लिहीत असताना लेक हाक मारते आहे, "आई, ये लवकर, उचक्या लागल्यात याला!" जाते. उद्या पुढचं वाचन.

राम कृष्ण हरी.